वाचक विचारतात: वाळू भिजते का आणि भिंत सुकत का नाही

मागच्या अंकात आपण पाण्यात बुडवून बाहेर काढली तरी कोरडीच राहणाऱ्या वाळूबद्दल चार ओळी छापल्या होत्या. त्यावर सांगली, मिरज, तासगाव, जत, विटा सगळीकडनं पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले, आणि बरेचसे प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी मुळात एकाच गोष्टीचे आहेत, म्हणून एकत्रच घेतेय. काही उत्तरं लांबली आहेत, पण ती लांबायलाच हवी होती.

प्रश्न (मिरज, बीएस्सी तिसरं वर्ष): मॅडम, प्रोजेक्टसाठी कृष्णाकाठची वाळू आणली, स्वच्छ धुतली, मग सगळं पाणी आणि कचरा जळून जावा म्हणून रात्रभर मफल फर्नेसमध्ये (लॅबच्या भट्टीत) ६०० डिग्रीला ठेवली. नंतर डब्यात एचएमडीएसच्या (हेक्सामिथाइलडायसिलाझेन, वाळूला पाणी न धरणारी करणारं केमिकल) वाफेत ठेवली. तरी पाण्यात टाकल्यावर थोडी तरंगते आणि बाकीची ओली होते. सिलिका जेल मात्र नुसतं ओव्हनमध्ये सुकवून तसंच ठेवलं तर एकदम मस्त जमलं. लॅबमध्ये सगळे म्हणतात केमिकल जुनं झालंय. खरंच तसं असेल का?

उत्तर: केमिकलचा काही दोष नाही गं, त्याच बाटलीतल्या केमिकलनं जेल तयार झालं हे तूच लिहिलंयस की. घोळ वाळूत आहे आणि त्या ६०० डिग्रीत आहे.

आधी हे बघ की सिलिकाला, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाला, पाणी आवडतं कशामुळं. आत सगळीकडं सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी जाळी असते, पण पृष्ठभागावर जाळी तुटलेली असते आणि त्या तुटक्या टोकांवर ओएच गट बसलेले असतात, त्यांना सिलॅनॉल म्हणतात. पूर्ण भरलेल्या सिलिकावर दर चौरस नॅनोमीटरला हे साधारण ५ असतात. पाणी यांनाच धरून बसतं. एचएमडीएसच्या एका रेणूत तीन-तीन मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजनचा गट) घेतलेले दोन सिलिकॉन असतात आणि मधे एक नायट्रोजन, रिअ‍ॅक्शन झाली की ते दोन सिलिकॉन दोन सिलॅनॉलवर जाऊन पक्के बसतात आणि नायट्रोजन अमोनिया होऊन निघून जातो. म्हणजे आपण वाळूला वरनं काही फासत नाही, त्या ओएचच्या जागी मिथाइल बांधतो. मिथाइलला पाण्याशी काही देणंघेणं नाही, झालं काम.

आता लक्षात घे, बांधायला ओएच पाहिजे ना! सिलिकावर दोन प्रकारचं 'पाणी' असतं, एक नुसतं चिकटलेलं, ते ११०-१२० डिग्रीला दोन-तीन तासात जातं आणि ते घालवायलाच पाहिजे. दुसरं म्हणजे हे सिलॅनॉल. २०० डिग्रीच्या पुढं शेजारशेजारचे दोन सिलॅनॉल एकमेकांत मिसळून पाणी सोडून देतात आणि तिथं नुसता ऑक्सिजनचा पूल उरतो, आणि ६०० ला पोचेपर्यंत ५ चे दीडच्या आसपास उरतात. तू कचरा जाळायला गेलीस आणि त्याबरोबर सिलेन (एचएमडीएससारखी सिलिकॉनची केमिकल्स) जिथं बसणार त्या जागाच जाळल्यास. जेल नुसतं ओव्हनमध्ये सुकवलंस म्हणून त्याचे सिलॅनॉल शाबूत राहिले.

पण माझ्या मते याहून मोठं कारण वाळूच आहे. आपली कृष्णा सगळी दख्खनच्या काळ्या दगडातनं येते, तिची वाळू म्हणजे शुद्ध सिलिका नव्हे, त्यात बेसॉल्टचे तुकडे, लोहाचे कण, आणि चुनखडीचे पांढरे खडे पण असतात. बेसॉल्टमध्येच सिलिका निम्म्याच्या आसपास. लोहाच्या ऑक्साइडवर सिलेन धरतं पण बंध कच्चा, आणि चुनखडीवर जवळजवळ धरतच नाही. भिंग घेऊन बघ, जे कण बुडाले त्यातले बरेच काळपट किंवा पांढरट दिसतील. प्रोजेक्टला पांढरी सिलिका वाळू घे, कोकणात कणकवलीकडं कासार्ड्याला तिच्या खाणी आहेत, पण तिकडं जायची गरज नाही, कुठल्याही फाउंड्रीवाल्याकडं मूठभर मागितली तर देतील, साच्यासाठी वापरतातच ते.

किती केमिकल लागतं हे पण विचारलं होतंस दुसऱ्या मेसेजमध्ये. ते वजनावर नाही, पृष्ठभागावर ठरतं. चांगल्या सिलिका जेलच्या एका ग्रॅममध्ये आतल्या छिद्रांसकट ४०० चौरस मीटर पृष्ठभाग असू शकतो, म्हणजे चिमूटभर जेलमध्ये जवळजवळ ४ गुंठे रान पसरलंय. तेवढ्या रानावर दर चौरस नॅनोमीटरला अडीच गट बसवायचे तर एका ग्रॅमला कमीत कमी ०.१३ ग्रॅम एचएमडीएस लागेल, प्रत्यक्षात दोन-तीन पट घ्यायचं. वाळूचा पृष्ठभाग त्यामानानं हजारो पटींनी कमी, एक-दोन थेंबात किलोभर वाळूचा हिशोब भागतो, त्यामुळं जास्त ओतून उपयोग नाही. आणि अडीचच का, पाच का नाही, तर हा तीन मिथाइलचा गट अंगानं मोठा असतो, एक बसला की शेजारच्या ओएचवर त्याची सावली पडते आणि तिथं दुसरा मावत नाही. निम्मे ओएच खाली तसेच राहतात, फक्त पाण्याला ते सापडत नाहीत.

एक सावधगिरी, अमोनियाचा वास आला म्हणजे रिअ‍ॅक्शन झाली असं धरू नकोस. डब्यात दमट हवा असेल तर एचएमडीएस त्या ओलाव्याशीच रिअ‍ॅक्शन करून संपतं, अमोनिया तेव्हाही सुटतो, आणि तयार झालेलं निरुपयोगी द्रव उडून जातं. वाळूला काही मिळतच नाही. म्हणून डबा, वाळू, सगळं कोरडं.

वाफेऐवजी एमटीएमएस (मिथाइलट्रायमेथॉक्सीसिलेन, दुसरं एक सिलेन) करून बघ असं मी सुचवेन. ९५ भाग इथेनॉल, ५ भाग पाणी, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडनं पीएच ४.५ ते ५.५ वर आणायचा, त्यात २ टक्के एमटीएमएस ढवळत टाकायचं, पाचेक मिनिटं थांबायचं, मग वाळू दोन मिनिटं बुडवून निथळायची आणि ११० डिग्रीला १० मिनिटं. वाळूचा थर जाड असेल तर जास्त वेळ. इथं ते ५ टक्के पाणी मुद्दाम आहे, कारण एमटीएमएसची मेथॉक्सी टोकं पाण्यानं सुटल्याशिवाय ते वाळूला धरत नाही. पाणी जास्त झालं तर मात्र रेणू वाळूकडं न जाता एकमेकांनाच धरतात आणि द्रावण दुधाळ होतं, तसं झालं की टाकून दे आणि नव्यानं कर. मेथॅनॉल सुटतं, ते डोळ्यांना वाईट, त्यामुळं फ्यूमहूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या लॅबच्या कपाटात) करायचं, चष्मा आणि ग्लोव्हज घालून, जवळपास बर्नर नको. हे हॉस्टेलच्या रूमवर अजिबात करू नकोस, मी हे मनापासनं सांगतेय.

मोजायला महागडं मशीन लागत नाही. मातीशास्त्रवाले करतात ती टेस्ट कर, वाळूच्या सपाट थरावर ड्रॉपरनं थेंब ठेव आणि आत मुरायला किती वेळ लागतो ते बघ, ५ सेकंदांच्या आत मुरला तर ती वाळू भिजणारी. तुझी बिनकेमिकलची, ६०० वाली आणि नवी अशी तिन्ही शेजारी ठेवून फोनवर व्हिडिओ घे, परीक्षकाला वेगळं काही सांगावं लागणार नाही. एफटीआयआर (कुठले रासायनिक बंध आहेत ते इन्फ्रारेड प्रकाशानं दाखवणारं मशीन) मिळालं तर १२६० च्या जवळची सिलिकॉन-मिथाइलची रेघ आणि २९६० ची सीएच ची रेघ शोध, पण ते जेलवर दिसेल, वाळूवर पृष्ठभाग एवढा कमी की कदाचित काहीच दिसणार नाही, म्हणून घाबरू नकोस.

प्रश्न (सांगली, गावभाग): २०१९ ला आणि परत २०२१ ला घरात पुराचं पाणी आलं. तेव्हापासनं खालच्या तीन-चार फुटात लोणा लागलाय, दरवर्षी खरवडून प्लास्टर आणि रंग करतो, दिवाळी झाली की परत पोपडे. आता रंगारी म्हणतोय की सिलेन-सिलॉक्सेनचा स्प्रे आतनं-बाहेरनं मारून टाकू, परत पाणी शिरणारच नाही. खर्च बराच आहे. मारावा का?

उत्तर: आतनं मारू नका. बाहेरनं मारायचा की नाही ते पुढं सांगते, पण आत्ता या घडीला कुठंच नको.

हा स्प्रे खोटा नाही, चांगली गोष्ट आहे. विटेत, काळ्या दगडात, सिमेंटमध्ये सिलिकेट असतंच, त्याच्या ओएचला हे रेणू आत शिरून बांधले जातात, वरच्या प्रश्नात सांगितलं तसंच. छिद्रं बुजत नाहीत, फक्त छिद्रांच्या आतल्या भिंती पाणी ओढेनाशा होतात, त्यामुळं पावसाचं पाणी आत येत नाही पण आतली वाफ बाहेर जाऊ शकते. प्लास्टिकच्या रंगापेक्षा ह्याचं मोठेपण हेच.

पण तुमच्या भिंतीत पाणी आधीच आत आहे आणि त्यात क्षार विरघळलेत. ओल बाहेरच्या बाजूला येते, तिथं पाणी उडतं आणि क्षार पांढरे फुटतात, त्यालाच आपण लोणा म्हणतो. आता वर अर्धा सेंटीमीटर जाडीचा पाणी न ओढणारा थर केलात तर द्रव पाणी त्या थराच्या मागंच अडणार, वाफ होऊन पुढं जाणार आणि क्षार मागं, विटेच्या आत, साठत राहणार. आत क्षाराचे खडे वाढले की ते विटेचा पापुद्राच्या पापुद्रा ढकलून टाकतात. आज रंगाचे पोपडे पडतायत, मग विटेचे पडतील, आणि ते परत बसवता येत नाही.

आणि पुराचं म्हणाल तर, आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून वर येते आणि तीन फूट पाणी भिंतीला टेकून दिवसेंदिवस उभं राहतं तेव्हा हा स्प्रे काही करू शकत नाही. तो पावसाचे थेंब आणि केशाकर्षण, म्हणजे बारीक छिद्रांतनं पाणी ओढलं जाणं, अडवतो, उभ्या पाण्याचा दाब नाही. पाणी भेगेतनं, चौकटीच्या सांध्यातनं, जमिनीतनं येणारच. 'परत पाणी शिरणारच नाही' असं जो म्हणतोय त्याला हे विचारा.

मग करायचं काय? आधी ते सिमेंटचं प्लास्टर ओलीच्या वर फूटभर जाईपर्यंत काढा. जुनी चुन्यातली भिंत असेल तर सिमेंटनंच ओल आत कोंडलीय, दरवर्षी खरवडून परत सिमेंट लावणं म्हणजे दुखण्यावर झाकण घालणं झालं. उघड्या विटेवर कोरड्या ब्रशनं लोणा झाडा, पाण्यानं धुवू नका, धुतला की क्षार विरघळून परत आत जातात. झाडलेलं गोळा करून बाहेर टाका, कोपऱ्यात राहू देऊ नका. मग जुन्या कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून बोटभर जाड थापा, पूर्ण सुकून गळायला लागला की काढून फेका, क्षार त्यात ओढून येतात. दोन-तीनदा करावं लागतं, आणि खरंच फरक पडतो.

मग थांबायचं, आणि हे थांबणंच कुणाला नको असतं. जुना ठोकताळा असा की भिंतीच्या जाडीच्या एका इंचाला एक महिना, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने वारा लागला पाहिजे, पंखा लावा, खिडक्या उघड्या ठेवा. सुकली का ते बघायला फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवा, रात्रभर ठेवा, सकाळी मागं थेंब दिसले तर अजून नाही.

एवढं करूनही जमिनीतनं ओल चढत राहिली तर त्याचा इलाज स्प्रे नाही, क्रीम आहे. तेच सिलेन, पण जाड. जमिनीपासनं साधारण १५० मिलिमीटर वरच्या दरजेत (दोन विटांमधल्या सांध्यात) १२ मिलिमीटरची भोकं, दोन भोकांत १२० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, त्यात क्रीम भरतात, ते दरजेत पसरून आडवा पट्टा तयार करतं आणि त्याच्या वर पाणी चढत नाही. यात सगळं काही भोक पाडणाऱ्याच्या हातात, भोक विटेत नको, दरजेतच पाहिजे, कारण पाणी चढतं मुख्यतः दरजेतनं. दगडी भिंत असेल तर काळा दगड स्वतः फार पाणी पितच नाही, तिथं तर दरजाच सगळं काही.

आणि शेवटी, भिंत सुकली, लोणा थांबला, मगच पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीला स्प्रे. जी पावसाचा मारा खाते तीच, सगळ्या नाही. डब्यावर सिलेन-सिलॉक्सेन किती टक्के आहे ते वाचा, नुसतं 'वॉटर रिपेलंट' लिहिलेलं घेऊ नका. एप्रिल-मे मधल्या दुपारी तापलेल्या भिंतीवर मारलात तर रिअ‍ॅक्शन व्हायच्या आत निम्मं उडून जाईल, सकाळी सावलीत मारा. दुसरा हात पहिला ओला असतानाच द्यायचा, सुकल्यावर दिला तर पहिलाच हात दुसऱ्याला आत येऊ देत नाही, रंगाच्या सवयीनं लोक उद्या येतो म्हणतात आणि पैसे वाया जातात. खिडकीच्या काचा झाकून घ्या, काच पण सिलिकाच, तिच्यावर उडालेलं धरून बसतं आणि धुरकट डाग निघता निघत नाही.

प्रश्न (तासगाव, द्राक्ष बागायतदार): आम्ही फवारणीत सिलिकॉनचा स्प्रेडर टाकतो, थेंब पानावर लगेच पसरतो. तुम्ही म्हणता सिलिकॉन लावलं की पाणी घसरतं. मग एकाच वस्तूनं पाणी पसरतं आणि घसरतं पण, हे कसं काय?

उत्तर: फार आवडला हा प्रश्न. दोन्हीत सिलिकॉन आणि मिथाइल आहेत हे खरं, पण रेणूची मांडणी वेगळी. वाळूवरच्या सिलेनचं एक टोक वाळूला कायमचं बांधलेलं आणि मिथाइल बाहेर तोंड करून, म्हणून पाण्याला समोर फक्त मिथाइल दिसतो. तुमच्या स्प्रेडरचा रेणू कशालाच बांधलेला नाही, तो पाण्यात सुटा फिरतो, त्याला एका बाजूला मिथाइलवाला छोटा सिलिकॉनचा भाग आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात विरघळणारी लांब शेपटी आहे. पानावरच्या मेणाकडं सिलिकॉन जातो, शेपटी पाण्याकडं राहते, आणि दोघांची गाठ पडते. साध्या पाण्याचं पृष्ठताण ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर, हे थोडंसं टाकलं की २१ च्या आसपास येतं, मग थेंब गोल राहूच शकत नाही.

दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. हा रेणू पीएच ६ ते ८ च्या बाहेर फार टिकत नाही, त्यामुळं टाकीतलं पाणी फार खारट-अल्कली असेल किंवा आम्लधर्मी औषध मिसळलं असेल तर कालवलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पुढं मण्यात पाणी भरायला लागलं की स्प्रेडरला हात आखडता घ्या, मण्यावरचा तो पांढरा पावडरीसारखा थर म्हणजे द्राक्षाचं स्वतःचं मेण, पाणी अडवणारं, तोच विस्कटला तर माल डागाळलेला दिसतो आणि व्यापारी भाव पाडतो. भिंतीचा स्प्रे पानावर मारून बघू का असं शेवटी विचारलंय, तर नाही, अजिबात नाही.

प्रश्न (जत, शिक्षिका): मुलांना हे प्रत्यक्ष दाखवायचंय. जवळपास कुठं यावर काम चालतं का, की सगळं परदेशात?

उत्तर: तुमच्या गावातच झालंय! राजे रामराव महाविद्यालयाच्या फिजिक्स विभागातनं पाणी न धरणाऱ्या, स्वतःच स्वच्छ होणाऱ्या सिलिका कोटिंगवर संशोधन झालंय, त्यावर पेपर आलेत. आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात प्रा. ए. व्यंकटेश्वर राव यांच्या गटानं सिलिका एअरोजेलवर वर्षानुवर्षं काम केलं. एअरोजेल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच असलेला सिलिकाचा ठोकळा, १९३१ मध्ये सॅम्युअल किस्लरनं पहिल्यांदा केला, पण साधा सिलिकाचा एअरोजेल हवेतला ओलावा पिऊन खराब होतो आणि पाण्याचा थेंब पडला तर फुटतो. कोल्हापूरच्या गटानं एमटीएमएस वापरून असे एअरोजेल केले की ज्याच्यावर पाणी गोळीसारखं गडगडतं, आणि जगभरातनं ते पेपर वाचले गेले. मुलांना हे नक्की सांगा, आपल्या भागातल्या कॉलेजात असं काम होतं हे त्यांना कुणी सांगत नाही.

वर्गात दाखवायला अळूचं पान न्या. त्यावरचा थेंब बाजूनं बघायला लावा, खाली चकचकीत चंदेरी दिसतं ती पानाच्या बारीक उंचवट्यांमध्ये अडकलेली हवा. मग बोटानं जोरात घासून तोच थेंब परत टाका, पसरतो. नुसतं मेण असून भागत नाही, खडबडीतपणा पण लागतो हे त्यातनं कळतं. गुळगुळीत पृष्ठभागावर कितीही चांगलं केमिकल बांधा, थेंबाचा कोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो, जितका मोठा तितका थेंब गोल) १२० अंशांच्या फार पुढं जात नाही, १५० च्या वर न्यायचा तर खडबडीतपणा पाहिजेच.

प्रश्न (सांगली): मुलीला ती पाण्यात कोरडी राहणारी रंगीत वाळू आणलीय. धोका नाही ना?

उत्तर: जाड दाण्यांची असेल तर खेळायला हरकत नाही, मिथाइल बांधलेला असतो, पाण्यात सुटत नाही. बारीक धूळ उडत असेल तर ती आणू नका, सिलिकाची धूळ फुफ्फुसाला वाईटच. तेलकट हात आणि साबण लावू नका, तेलानं ती लगेच भिजते आणि मग पाण्यात पण भिजायला लागते. माशांच्या टाकीत टाकू नका.

प्रश्न (विटा, कॉलेजमधले लॅब असिस्टंट): आमच्याकडं सिलेनच्या बाटल्या पावसाळ्यात लवकर खराब होतात. शिल्लक राहिलेलं बेसिनमध्ये ओतलं तर चालेल का?

उत्तर: बेसिनमध्ये नको. क्लोरोसिलेन (क्लोरीन असलेलं सिलेन) असेल तर पाण्याशी गाठ पडताच हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा धूर सुटतो, बेसिनवर वाकलेल्या माणसाच्या तोंडावरच. एचएमडीएस आणि अल्कॉक्सी सिलेन (एमटीएमएससारखे) पेट घेणारे आहेत. ते सॉल्व्हंट वेस्टच्या डब्यात जमा करा, क्लोरोसिलेनचा डबा वेगळा, त्यात पाणी किंवा अल्कोहोल चुकूनही नको. बाटली फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, थंड बाटलीत हवेतला ओलावा लगेच जमतो, तुमच्या बाटल्या बहुतेक तिथंच खराब होतायत. मोठ्या बाटलीतनं रोज थोडं थोडं काढण्यापेक्षा एकदाच कोरड्या दिवशी छोट्या बाटल्यांत भरून ठेवा आणि लेबलवर उघडल्याची तारीख लिहा. आणि एचएमडीएसची जुनी बाटली उघडताना झाकण हळू सैल करा, तोंड लांब ठेवून, आत अमोनियाचा दाब साठलेला असू शकतो.